चालू गाडीवरचे गफूर मामू

गेल्या दोन वर्षांत आमच्या कापड लाइनमध्ये कधी आला असाल आणि सत्तरीचे एक गृहस्थ, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, अंगात करडा पठाणी, कुणा परक्याच्या मोटारसायकलवर बसून, ती चालू ठेवून, कुठेही न जाता समोर बघताना दिसले असतील, तर घाबरू नका. ते गफूर मामू. गाडी त्यांची नाही. त्यांना गाडी चालवताही येत नाही. गाडीचा मालक समोरच्या बांगड्यांच्या दुकानात बायकोच्या शेजारी स्टुलावर बसलेला असायचा, आणि मामू त्याच्या गाडीवर बसून कायदा पाळायचे.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढची नोटीस माझ्याच शटरवर चिकटेल. यवतमाळकडच्या आर्णी-महागावच्या पट्ट्यातलं समजा. कापड लाइन म्हणजे आमचा बाजाराचा मुख्य रस्ता. एका बाजूला मामूंचं बांगड्यांचं दुकान आणि बरोबर समोर माझं मॅचिंग सेंटर. फॉल, परकर, अस्तर, ब्लाउजपीस. बाई आधी माझ्याकडे साडीला ब्लाउजपीस जुळवते, मग रस्ता ओलांडून तोच रंग घेऊन मामूंकडे बांगड्या जुळवते. आमचे धंदे असे एकमेकांच्या हाताला हात लावून चालतात.

तर मध्यंतरी नगरपरिषदेला गर्दीचा साक्षात्कार झाला आणि सम-विषम पार्किंग लागू झालं. विषम तारखेला गाड्या मामूंच्या बाजूला, सम तारखेला माझ्या बाजूला. चुकीच्या बाजूला गाडी दिसली की ठेकेदाराची ट्रॅक्टर-ट्रॉली येणार, चार माणसं गाडी उचलून टाकणार, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही. ऐकायला किती सोपं! पण दुकानदाराला विचारा. गाड्या समोर लागल्या तर दुकान दिसत नाही, नाही लागल्या तर गिऱ्हाईक दिसत नाही. म्हणजे बारा महिने रडायची सोय.

त्यात एकतीस तारखेचा घोळ. एकतीसनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम. म्हणजे मामूंच्या बाजूला सलग दोन दिवस पार्किंग आणि मी हात चोळत बसायची. मी नगरपरिषदेत जाऊन रीतसर भांडले. तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, कॅलेंडर आम्ही नाही बनवत." मी कपाळावर हात मारून परत आले.

बांगडीवाल्यांची अडचण माझ्याहून मोठी होती. ब्लाउजपीस पाच मिनिटांत फाडून देता येतो. बांगड्या भरायला बाईला बसावं लागतं, हात सैल सोडावा लागतो, रंग चारदा बदलावा लागतो. नवरा बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवणार, ट्रॉली दिसली की "चाल, चाल, आली!" म्हणून ओरडणार, आणि बाई एका हातात बांगड्या, दुसरा हात रिकामा, अशी पळत सुटणार. अशा एकहाती बायका त्या दिवसांत बऱ्याच दिसायच्या. हळूहळू त्या यायच्याच बंद झाल्या. बायपासवर नवं कॉम्प्लेक्स झालं होतं, पुढे ही मोठी मोकळी जागा, तिकडे जायला लागल्या. मामूंच्या वडिलांपासूनचं दुकान बसणार, असं लाइनमध्ये सगळेच बोलायला लागले होते.

तेव्हा मामूंनी नोटीस वाचली. गावात ती वाचणारे बहुतेक ते एकटेच. चष्मा नाकावर घेऊन, बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, "यात लिवलं हाय, ‘उभी करून सोडून दिलेली वाहनं’. सोडून देल्ली! मंग आपण सोडूच नये ना."

त्या दिवसापासून कुणी जोडपं चुकीच्या बाजूला थांबलं की मामू दुकानातून बाहेर येत, नवऱ्याला खांद्याला धरून खाली उतरवत आणि स्वतः त्याच्या जागी बसत. "तू अंदर जाय बेटा. बायकोचा हात धरून रंग पाह्य. मी हाय ना बसेल." गाडीवर माणूस बसलेला म्हणजे ती सोडून दिलेली नाही. "कायद्यात बसते का? बसते!" हे त्यांचं पालुपद. पूर्वी बांगडी मनगटावर चढल्यावरही हेच म्हणायचे, "बसते!"

आणखी एक अट होती. इंजिन बंद करायचं नाही. "चालू असेल गाडी म्हणजे निघेल गाडी. बंद केली का पार्किंग झालं." गाडी मोठ्या स्टँडवर चढवायची, चालू ठेवायची, आणि त्यावर मामू, दोन्ही हात हँडलवर घट्ट. लोक कुरकुरायचे, "मामू, पेट्रोल जळून राह्यलं न!" मामू म्हणायचे, "पेट्रोल जळते का ट्रॉली नेते, बोल." लोक चावी गाडीलाच ठेवून आत जायचे.

बरं, या प्रकाराचा एक फायदा कुणाच्या डोक्यात नव्हता. एरवी बांगड्यांच्या दुकानात पुरुष पाऊल ठेवत नाही. आता मामूंनी जबरदस्तीनं आत ढकललेले नवरे स्टुलावर बसून, कानामागे खाजवत, "हा मोरपंखी बरा दिसते" असलं बोलायला लागले. बायका लाजायच्या आणि एक डझन जास्त घ्यायच्या. जैनब मामी, म्हणजे मामूंची बायको, आत बांगड्या भरता भरता हसायच्या. दुकान पुन्हा उभं राहिलं. सगळ्या लाइननं मामूंना मानलं.

तुम्ही म्हणाल, सम तारखेला ठीक, पण विषम तारखेला मामूंच्या बाजूला पार्किंग खुलंच असायचं, तेव्हा ते काय करत? तेव्हा ते रस्ता ओलांडून माझ्या बाजूला येत आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर बसत. मी म्हटलं, "मामू, आज तुमचा सुट्टीचा दिवस. आत बसा ना, मामी एकट्या आहेत." तर म्हणाले, "दोन-सहा, कायद्याले सुट्टी नसते."

दोन-सहा म्हणजे मी. बांगड्यांचं माप असतं, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, असं वाढत जातं. मामूंना कुणाचं नाव लक्षात राहत नाही, मनगट राहतं. तहसीलदारांच्या बाई दोन-चार, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका दोन-दहा. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा मामूंनीच भरला. मी घाबरून डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळानं म्हटलं, "मामू, करा ना सुरू." तर म्हणाले, "उघड डोळे, झालं." असा हात होता त्यांचा. पाण्यातून काढल्यासारखी बांगडी मनगटावर यायची. तेव्हा मी दोन-सहा होते. आता दोन मुलं झाल्यावर, आणि रोज दुकानात बसून बसून, मी कधीची दोन-आठ झालेय. मामी बिनबोभाट दोन-आठच भरतात. मामू मात्र अजून दोन-सहाच म्हणतात. एवढ्यासाठी तरी हा माणूस मला आवडतो.

गाड्यांतसुद्धा मामूंची आवड-निवड होती. बुलेट आली की चेहरा खुलायचा. धडधडणारी, लाइनभर ऐकू जाणारी बुलेट असली की "ही मी घेतो" म्हणून दुसऱ्या गाडीवरून उतरून तिच्यावर बसायचे. उलट कुणी बॅटरीवरची स्कूटर घेऊन आला की हात मागे घ्यायचे. "यावर नाही बसत मी. बेजान हाय. चालू हाय का बंद, समजतच नाही." तो बिचारा म्हणायचा, "मामू, पेट्रोलही वाचते." मामू मान फिरवायचे. म्हाताऱ्याचे लाड, आणखी काय, असं म्हणून आम्ही हसायचो.

चहाचंही तसंच. पूर्वी मामू म्हणजे भरलेला ग्लास, वरून साय. आता टपरीवाल्याला सांगायचे, "अर्धा." कुणी विचारलं तर, "शुगर." कुणी म्हणालं, शुगरवाल्यानं बिनसाखरेचा घ्यावा, अर्धा ग्लास कशाला, तर, "अर्धा माणूस, अर्धी शुगर, अर्धा चहा. हिशोब बराबर हाय."

आणि मग तो ट्रॉलीचा दिवस आला.

ट्रॉलीवर पंकज नावाचा ठेकेदाराचा माणूस असायचा. मोठी मिशी, हातात भोंगा. मामूंमुळे आमच्या लाइनमधून त्याची ट्रॉली रिकामी जायची, आणि वरून त्याला बोलणी बसायची. एका सम तारखेला महागावकडून एक नवं जोडपं आलं. नवरा आत, मामू त्याच्या गाडीवर, गाडी चालू. पंकज आला. भोंग्यातून म्हणाला, "मामू, उतरा."

"बसेल माणूस हाय."

"आज साहेबाचं सांगणं हाय. उतरा."

"मंग माणसासकट उचल."

पंकजनं टोपी काढली, डोकं पुसलं आणि चौघांना खूण केली. त्या चौघांनी खरंच मामूंसकट गाडी उचलून ट्रॉलीत ठेवली! इंजिन चालूच. मामू ताठ बसलेले, हात हँडलवर. ट्रॅक्टर निघाला. लाइनमधली माणसं दुकानांबाहेर आली. कुणीतरी शिट्टी वाजवली. मामू मान डोलवत सलाम घेत होते, जणू सत्तराव्या वर्षी दुसऱ्यांदा वरात निघाली. जैनब मामी पायरीवर आल्या आणि ओरडल्या, "जेवाले घरी येता का सासरीच जेवता?" महागावचा नवरा दोन्ही हातांत बांगड्यांचे डबे घेऊन मागे पळाला. मी दुकान तसंच टाकून त्याच्या मागे गेले. मामूंची काळजी होती असं घरी सांगितलं, पण खरं म्हणजे मजा बघायची होती.

नगरपरिषदेत मामू गाडीवरून उतरेनात. मुख्याधिकारी साहेब बाहेर आले. नवे होते, तरुण होते. त्यांनी नोटीस वाचली, मामूंकडे बघितलं, पुन्हा नोटीस वाचली. शेवटी हसू आवरेना. म्हणाले, "आजोबा, या, चहा घ्या." शिपायानं कपबशीत चहा आणला.

मामू म्हणाले, "ड्युटीवर चहा नाही पेत मी."

"कोणाच्या ड्युटीवर?"

"तुमच्याच. तुमचा कायदा या गावात मीच तर पाळून राह्यलो."

साहेबांनी गाडी सोडली. दंड नाही, काही नाही. त्यानंतर पंकजची ट्रॉली मामूंसमोरून जाताना भोंग्यातून "सलाम मामू" म्हणायची. मामू हँडलवरून हात न काढता नुसती मान हलवायचे.

अशी दोन वर्षं गेली. आणि त्याच साहेबांनी पुढे एक चांगलं काम केलं. सरकारी माणसानं चांगलं काम केलं की कुणाचं तरी नुकसान होणारच. बंद पडलेल्या जुन्या जिनिंगची, म्हणजे कापसाच्या कारखान्याची, मोकळी जागा साफ करून त्यांनी तिथं पार्किंग केलं, फुकट. आणि दिवसभर कापड लाइन गाड्यांना बंद केली. सम नाही, विषम नाही, एकतीस नाही. सगळ्यांनी चालत यायचं.

आम्ही दुकानदारांनी आधी बोंब मारली. बंद पाळला, निवेदन दिलं, मी त्यावर पहिली सही ठोकली. "आर्णीची बाई चालत येईल का लाइनमध्ये?" असं मी सभेत तावातावानं बोलले. आणि आर्णीची बाई चालत आली! एकटी आली, मैत्रिणींना घेऊन आली. नवरे जिनिंगच्या चिंचेखाली गाड्यांवर बसून मोबाइल बघत राहिले. आता हॉर्न नाही, "चाल, चाल" नाही. बाया निवांत फिरायला लागल्या. माझ्या दुकानात मला पाणी प्यायला फुरसत होईना, आणि मामींच्या दुकानात तर स्टुलं कमी पडायला लागली. सहीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

नुकसान झालं ते एकट्या मामूंचं. लाइनमध्ये गाडीच उरली नाही, तर बसणार कशावर?

पहिले काही दिवस ते दुकानाच्या ओट्यावर बसले, हात मांड्यांखाली दाबून. बायका म्हणायच्या, "मामू, आता तरी अंदर या! मामी कितीजणींचे भरतील? तुमच्या हाताची बात अलग हाय." मामू म्हणायचे, "येतो, येतो." कधी पाठ दुखायची, कधी नमाजची वेळ व्हायची, कधी आत उकडायचं. एकदा म्हणाले, "बायांच्या दुकानात मरदानं काय करावं?" ज्या माणसानं जन्मभर तेच केलं, त्याच्या तोंडी हे! मग ते ओट्यावरूनही दिसेनासे झाले.

एक दिवस जिनिंगवरचा राखणदार माझ्याकडे आला. "ताई, तुमचे मामू तिकडं येऊन बसून राह्यले. ज्याची गाडी त्याले म्हणते, चालू ठेवून जाय. इथं तर पार्किंग खुलं हाय, बसाले कायले पाह्यजे माणूस? लोक वैतागले. जरा समजावून सांगा त्याईले."

मी दुपारी गेले. चिंचेच्या सावलीत एक बुलेट धडधडत होती आणि तिच्यावर मामू. चेहरा समाधानी. मी हाक मारणार, तेवढ्यात बुलेटचा मालक आला, "झालं मामू, निघतो" म्हणाला आणि त्यानं चावी फिरवली. आवाज थांबला. गाडी थांबली. मामूंचे हात थांबले नाहीत.

हँडलवर ते दोन्ही हात कापत होते. बोटं आपल्या आपण नाचत होती. मामूंनी वर बघितलं, मी दिसले. त्यांनी झटकन हात पठाणीच्या खिशात घातले. खिसेही हलत होते.

"चल दोन-सहा," ते म्हणाले, "ऊन फार हाय."

आम्ही बरोबर चालत आलो. वाटेत ते सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिले, ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी हूं हूं करत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बुलेट का आवडायची, बॅटरीची स्कूटर का बेजान, चहा अर्धा का, साहेबांच्या कपबशीला हात का नाही, सगळं एकदम कळलं होतं. आणि आम्ही म्हाताऱ्याचे लाड म्हणून हसत होतो.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी मामींकडे गेले. त्या उरलेल्या बांगड्या रंगवार दोऱ्यात ओवत होत्या. मी म्हटलं, "मामी, मामूंचे हात..."

त्यांनी मान वर केली नाही. "तुले आज दिसले? मी दोन वर्षांपासून पाहून राह्यली."

मग त्यांनी सांगितलं. एका नवरीचा चुडा भरत होते मामू. हात कापायला तेव्हाच लागला होता, पण ते कुणाला सांगत नव्हते. बांगडी मनगटावर पिचली, काच लागली, रक्त आलं. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नवरीची आई मात्र म्हणालीच, "फुटली." लग्नाच्या चुड्यात अपशकुन. मामू उठले ते त्या गादीवर पुन्हा बसले नाहीत. यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाला वयाचं आहे, एवढं राहणार.

"त्याच महिन्यात ते सम-विषम आलं," मामी म्हणाल्या. "मी म्हटलं, अल्लाची मेहेरबानी. माणसाले बाहेर बसाले काम भेटलं. चालू गाडीवर कोणाले समजते, गाडी हालून राह्यली का माणूस? पेट्रोलचं कोणी बोललं का मीच म्हणत होती त्याले, चालूच राहू दे बापा."

"तुम्ही त्यांना कधी बोलला नाहीत?"

"कायले बोलू? त्याईले वाटते मले मालूम नाही. तेवढंच त्याईचं राह्यलं हाय, तेही काढून घेऊ?" दोरा दातानं तोडून त्या उठल्या आणि दिवा मालवला.

श्रावण आला. बंजारा तांड्यांवर तीजेची तयारी सुरू झाली की आमच्या लाइनमध्ये रंग येतो. तीज हा त्यांच्या पोरींचा सण. टोपल्यांत गहू पेरतात, गाणी म्हणतात, नवे कपडे, नव्या बांगड्या. दरवर्षी सोनकीबाई तांड्यावरच्या सगळ्या पोरी घेऊन येते. सोनकीबाई मामूंहून मोठी. दंडावर जुन्या पांढऱ्या बांगड्या, मनगटात काचेच्या, आणि तोंडात कुणालाही न सोडणारी जीभ. तिच्या लग्नाचा चुडा मामूंच्या वडिलांनी भरला होता, त्यानंतर प्रत्येक तीजेला मामूंनी. गेली दोन वर्षं मामू गाडीवर अडकले म्हणून ती मामींकडून भरून घ्यायची आणि बाहेर येऊन मामूंना शिव्या घालायची, "भिया, तू बांगडीवाला हाय का ड्रायवर हाय?" भिया म्हणजे भाऊ; तिला स्वतःला तांड्यावर सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात.

या वर्षी ती आली. पोरी आत गेल्या. सोनकीबाईनं लाइनवर नजर फिरवली. गाडी नाही. ओट्यावर मामू, हात मांड्यांखाली. ती सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि हात पुढे केला.

"भर."

"बाई, अंदर जाय. मामी भरते."

"आता कोणती गाडी हाय तुह्याखाली? भर."

"माही पाठ..."

"पाठीनं भरतं का बांगड्या?"

मी माझ्या दारात उभी होते. आत मामींचा हात एका पोरीच्या मनगटावर थांबलेला मला इथून दिसत होता. मामूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळायला लाइनमध्ये एक सायकलही नव्हती. शेवटी त्यांनी मांड्यांखालून हात काढले आणि दोघांच्या मध्ये धरले. भरदिवसा, सगळ्यांसमोर ते हात कापत होते.

सोनकीबाईनं ते बघितले. मग हसली, सगळे दात पडलेलं मोठं हसू. "अरे! तुहाबी?" आणि तिनं आपला पुढे केलेला हात दाखवला. एवढा वेळ माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिचाही हात हलत होता, दंडावरच्या बांगड्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. "तांड्यावर पोट्टे हासतेत मले. म्हणतेत, याडी वाजतच चालते. आता कर. तूबी हाल, मीबी हालतो. कोणाचं कोणाले समजते!"

मामींनी आतून हिरव्या बांगड्यांचा जोड आणला, ओट्यावर ठेवला आणि त्या परत आत गेल्या.

पहिली बांगडी मनगटापर्यंत आलीच नाही. अंगठ्याच्या बुडाशी पिचली. मामूंनी हात मागे घेतला. सोनकीबाईनं तुकडे उचलले, ओढणीच्या टोकाला बांधले आणि म्हणाली, "वाढली. दुसरी काढ."

दुसरी बसली. तिसरी बसली. फार वेळ लागला. मामू एकेका बांगडीसाठी थांबत, दम घेत, तिचा हात सैल होण्याची वाट बघत, मग आपला हात थोडा स्थिर झाला की पुढे सरकत. माझ्या दुकानात गिऱ्हाईक "ताई, ताई" करत होतं, मी वळले नाही. सगळा जोड भरून झाला तेव्हा सोनकीबाईनं रीतीप्रमाणे वाकून मामूंना नमस्कार केला. मामूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथंही कापत होता.

"बसते," मामू म्हणाले.

मग त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली. दोन वर्षांनी पहिल्यांदा ‘अर्धा’ म्हणाले नाहीत. "दोन चहा आण. दोन्ही फुल."

टपरीवाल्यानं काठोकाठ भरलेले दोन ग्लास आणले. मामूंनी एक सोनकीबाईला दिला, एक स्वतः घेतला. तोंडाशी नेईपर्यंत निम्मा पठाणीवर सांडला. पुसला नाही. उरलेला अर्धा त्यांनी हळूहळू, सगळ्या लाइनसमोर बसून प्यायला.